बंद पडलेल्या हीटरचा पार्ट कसा शोधावा?

माळशेज घाट चढून वर आले की कल्याण–अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) रस्त्यावर मढचा परिसर लागतो. पुढे ओतूर आणि मग आळेफाटा. या रस्त्याने ट्रक, दूधगाड्या, भाजीपाल्याच्या पिकअप रात्रंदिवस चालतात. घाटातला चिखल, डिझेल आणि ग्रीसचा चिकटा घेऊन त्या येतात. त्यामुळे गाडी धुण्याचा धंदा येथे चालतो आणि आपले काही तरुण त्यात उतरलेही आहेत. थंडीच्या दिवसांत मात्र नुसत्या गार पाण्याच्या फवाऱ्याने ग्रीस सुटत नाही. त्यासाठी गरम पाणी लागते आणि गरम पाण्यासाठी हीटर. तो हीटर बंद पडला की गाडीवाला पुढच्या सेंटरवर निघून जातो. बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला भरावाच लागतो.

अशा वेळी धंदेवाल्याच्या कानावर बहुतेक एकच वाक्य पडते : “हे मॉडेल आता बंद झाले, पार्ट येत नाहीत, नवीन मशीन घ्या.” हे वाक्य काही वेळा खरे असते, पुष्कळ वेळा अर्धेच खरे असते. मॉडेल बंद झाले म्हणजे त्याच्या आतला प्रत्येक पार्ट बंद झाला असे नाही. हीटर बनविणारा कारखानदार आतले बरेच पार्ट दुसऱ्यांकडून विकत घेऊन बसवितो आणि तेच पार्ट बाजारात सुटेही मिळतात. ते कसे ओळखावेत व कसे मागावेत, एवढाच या लेखाचा विषय आहे.

नाव नको, माप सांगा

आमचा धंदा कापडाचा. कापडाच्या बाजारात “परवा नेले होते तसले द्या” म्हणणारे गिऱ्हाईक दुकानदाराच्या हातात असते. सुताचा काउंट, रीड-पिक आणि पन्हा सांगणारे गिऱ्हाईक कोणाच्याही हातात नसते. त्याला एका दुकानात माल मिळाला नाही तर दुसऱ्यात मिळतो. पार्टाचेही अगदी असेच आहे.

खरेदीसाठी आम्हांस मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटात जावे लागते. विजेच्या सामानाची लोहार चाळ आणि हार्डवेअर-मशिनरीची नागदेवी स्ट्रीट तेथून जवळच. म्हणून गावाकडची मंडळी आमच्या हाती चिठ्ठ्या देतात. “वॉशिंगच्या हीटरची कॉईल, मोठी” अशी चिठ्ठी घेऊन दहा दुकाने फिरले तरी हात रिकामा राहतो. आणि “२ किलोवॅट, २३० व्होल्ट, सव्वा इंची बीएसपी आटे, स्टेनलेस स्टील, आतली लांबी अमुक” अशी चिठ्ठी असली की पहिल्या-दुसऱ्या दुकानातच माल काउंटरवर येतो. दोन्ही चिठ्ठ्या एकाच पार्टाच्या असतात. फरक फक्त मोजमापाचा असतो.

आधी रोग, मग औषध

मढ रस्त्यावरच्या एका सेंटरचे उदाहरण घेऊ. टाकी १०० लिटरची, तीन फेजवर चालणारी, आत २ किलोवॅटच्या तीन कॉईल. एके दिवशी सकाळी जळका वास आला आणि एमसीबी पडला. मिस्त्रीने सांगितले, “कॉईल गेली, कॉईल आणा.” कॉईल खरोखरच गेली होती. पण ती का गेली, हे कोणी पाहिले नाही.

नीट तपासणी झाली तेव्हा तीन गोष्टी सापडल्या. कॉन्टॅक्टरच्या तीन पॉइंटांपैकी एक चिकटून बसला होता. त्यामुळे संध्याकाळी बटण बंद करूनही एका कॉईलला रात्रभर वीज मिळत राहिली. पाणी उकळून वाफ होत गेले, पातळी खाली आली आणि वरची कॉईल उघडी पडून जळाली. अशा वेळी पुरवठा तोडण्यासाठी टाकीला जादा उष्णतेचा कटआऊट असतो. तो पूर्वी कधीतरी बिघडला होता आणि कोणीतरी त्याला बाजूने वायर टाकून काम चालविले होते. म्हणजे चिठ्ठीत एक नव्हे, तीन पार्ट हवे होते : कॉईल, कॉन्टॅक्टर आणि कटआऊट. नुसती कॉईल आणली असती तर तीही लवकरच जळाली असती आणि दोष नव्या कॉईलवर आला असता.

म्हणून पार्टाच्या शोधाला निघण्यापूर्वी पुढील तपासणी करावी. हे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे. मेन स्विच बंद करावा, दुसरे कोणी तो चालू करणार नाही अशी व्यवस्था करावी आणि वीज खरोखर गेली आहे हे टेस्टरने पाहावे. ओल्या फरशीवर उभे राहून विजेच्या कामाला हात लावू नये.

पहिली गोष्ट व्होल्टेज. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. २३० व्होल्टची २ किलोवॅटची कॉईल १८० व्होल्टवर जेमतेम सव्वा किलोवॅट काम करते. वीजवाहिनीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या गावात पाणी उशिरा तापते, त्यात दर वेळी कॉईलचा दोष नसतो.

दुसरी गोष्ट घड्याळ. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे ४.६५ युनिट वीज लागते. ६ किलोवॅटचा हीटर हे काम साधारण ४७ मिनिटांत करतो. टाकीतून बाहेर जाणारी उष्णता धरली तर थोडा जास्त वेळ. व्होल्टेज ठीक असून यालाच सव्वा तास लागू लागला तर तीनपैकी एक कॉईल गेली असे समजावे. एवढे कळायला मल्टीमीटरही लागत नाही.

तिसरी गोष्ट कॉईलचा रोध. कॉईलच्या वायरी सुट्या करून मल्टीमीटर लावावा. हिशेब सोपा आहे : व्होल्टचा वर्ग भागिले वॅट. २३० व्होल्ट, २ किलोवॅट कॉईलचा रोध सुमारे २६ ओहम यावा. ३ किलोवॅटचा सुमारे साडेसतरा. मीटर काहीच दाखवीत नसेल तर कॉईल तुटली आहे. नेमप्लेट पुसली गेली असली तरी चांगल्या राहिलेल्या कॉईलच्या रोधावरून तिचे वॅट काढता येतात.

चौथी गोष्ट गळती. कॉईल आणि तिचे धातूचे अंग यांच्यामध्ये ५०० व्होल्टच्या मेगरने किमान १ मेगाओहम यावे. त्याहून कमी आले तर गाडी धुणाऱ्या पोराच्या जिवाला धोका आहे. येथे एक बारकावा सांगतो. कॉईलच्या आत मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड असते आणि ती हवेतली ओल ओढते. त्यामुळे दुकानात पावसाळाभर पडून राहिलेली नवी कॉईलही कमी मेगर दाखविते. ती मंद उष्णतेवर नीट सुकविली की बहुधा ठीक होते. सुकवूनही सुधारली नाही तर परत करावी.

पार्टाची जन्मपत्रिका

कोणता पार्ट गेला हे पक्के झाले की त्याची जन्मपत्रिका कागदावर लिहावी.

कॉईलसाठी सहा गोष्टी लागतात : व्होल्ट, वॅट, धातू, आटे, आत जाणारी लांबी आणि वाकाचा आकार. आट्यांच्या बाबतीत पुष्कळांची फसगत होते. सव्वा इंची बीएसपी आट्यांचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजला तर सुमारे ४२ मिलिमीटर भरतो, एक इंची आट्यांचा सुमारे ३३ मिलिमीटर. कारण हे माप मुळात पाइपाचे आहे, आट्यांच्या व्यासाचे नव्हे. म्हणून दुकानात जाऊन ४२ मिलिमीटरची कॉईल मागू नये, सव्वा इंची बीएसपी मागावी. परदेशी यंत्रांवर एनपीटी आटेही असतात. सव्वा इंची बीएसपीला एका इंचात ११ आटे असतात, एनपीटीला साडेअकरा. दिसायला सारखेच, पहिले दोन-तीन फेरे बसतातही. पण जोर लावला की आटे खराब होतात आणि टाकी गळते. आट्यांचा गेज लावून खात्री करावी.

कॉन्टॅक्टरसाठी दोन गोष्टी मुख्य. त्याच्या स्वतःच्या कॉईलचे व्होल्टेज २३० आहे की ४१५, हे पाहावे. आणि त्याचे ॲम्पियर हीटरच्या लोडसाठीचे पाहावेत. कॉन्टॅक्टरवर दोन आकडे छापलेले असतात : एसी-१ आणि एसी-३. एसी-३ मोटारीसाठी, एसी-१ हीटरसारख्या लोडसाठी. दोन्ही आकडे वेगळे असतात, म्हणून नुसते “२५ ॲम्पियरचा द्या” म्हणणे अपुरे आहे.

थर्मोस्टॅटसाठी अंशांची कक्षा, सेन्सरच्या नळीची लांबी व जाडी आणि पॉइंटांचे ॲम्पियर लिहावेत. आकडे दाखविणारा कंट्रोलर असेल तर त्याचा सेन्सर के प्रकारचा आहे की जे प्रकारचा, हे पाहावे. एकाच्या जागी दुसरा लावला तर कंट्रोलर चालतो, पण चुकीचे तापमान दाखवितो.

शेवटी जोडणी. वायरी सोडण्यापूर्वी मोबाइलवर दोन-तीन बाजूंनी फोटो काढून ठेवावेत. तीन कॉईल स्टारमध्ये आहेत की डेल्टामध्ये, हे त्यावरून कळते. २३० व्होल्टच्या कॉईल डेल्टामध्ये जोडल्या तर प्रत्येकीला ४१५ व्होल्ट मिळतात. तिची ताकद तिपटीहून अधिक होते आणि ती थोड्याच वेळात जळते. मग मिस्त्री म्हणतो, माल नकली होता.

डिझेलचा हीटर असेल तर

काही सेंटरांवर विजेऐवजी डिझेल बर्नरने पाणी तापविणारे प्रेशर मशीन असते. त्यात सर्वांत जास्त बदलावी लागते ती नोझल. तिच्या षट्कोनी अंगावरच तिची ओळख कोरलेली असते : ताशी किती गॅलन आणि फवाऱ्याचा कोन किती. हा गॅलन अमेरिकन, म्हणजे ३.७८५ लिटरचा, आणि तो आकडा सुमारे ७ बार दाबाला धरलेला असतो. ०.८५ लिहिले असेल तर ताशी सुमारे ३.२ लिटर डिझेल. बाजारात ०.८५ नाही म्हणून १.१० बसविली तर आग जास्त होते, धूर होतो, पाण्याच्या नळ्यांवर काजळी धरते. कोन बदलला तरी ज्योत भट्टीच्या भिंतीला लागते. दोन्ही आकडे जुळल्याखेरीज नोझल घेऊ नये.

थंड मुलुखांत, कॅनडा किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात, गाड्या धुण्याच्या खोलीलाच गॅसचा हीटर टांगलेला असतो, कारण तेथे फरशीवर पाणी गोठते. साबणाची वाफ आणि ओल सतत लागून त्याचा इग्नायटर, ज्योत ओळखणारा सेन्सर आणि वायरींचे जोड आधी खराब होतात. तेथील माणसे दुकानात जाताना यंत्राचे मॉडेल व सीरियल नंबर घेऊन जातात. याचे कारण असे की कारखानदार जुन्या पार्टाचा नंबर बंद करून त्याच जागी नवा नंबर देतो. जुना नंबर शोधून माल मिळत नाही, पण “या नंबराऐवजी आता कोणता नंबर आहे?” असे विचारले की मिळतो. आपल्याकडे आलेल्या परदेशी मशीनांनाही हेच लागू आहे. मशीन बंद झाले का, असे विचारू नये. पार्टाचा बदली नंबर कोणता, असे विचारावे.

कोठे शोधावे?

सुरुवात जवळून करावी. ओतूर, जुन्नर, नारायणगाव, आळेफाटा येथील मोटार वाइंडिंगची दुकाने आणि विजेच्या सामानाची दुकाने आधी पाहावीत. कॉन्टॅक्टर, एमसीबी, वायर येथेच मिळण्याचा संभव असतो. तेथे नाही मिळाले तर पुण्याची तपकीर गल्ली. त्यापुढे मुंबईची लोहार चाळ विजेच्या मालासाठी आणि नागदेवी स्ट्रीट पाइप, आटे, गॅस्केट, होज यांसाठी.

कॉईल कोठेच मिळाली नाही तरी वाट बंद होत नाही. औद्योगिक वसाहतींत मापाप्रमाणे कॉईल बनवून देणारे लहान कारखाने असतात. त्यांना जुनी कॉईल दाखवावी किंवा वर सांगितलेली सहा मापे चित्रासह द्यावीत. फ्लँज, नळीचा जोड, आट्यांचे बुश यांसारखे पार्ट लेथवर बनतात.

पण सर्वच पार्टांना हे लागू नाही. कॉईल, कॉन्टॅक्टर, गॅस्केट यांची कंपनी बदलली तरी चालते, मापे जुळली पाहिजेत. जादा उष्णतेचा कटआऊट, वाफेचा सेफ्टी व्हॉल्व्ह, गॅस व्हॉल्व्ह आणि बर्नरचा कंट्रोल हे मात्र अंदाजाने बदलू नयेत आणि भंगारातले जुने तर कधीच लावू नयेत. कटआऊट घेताना आणखी एक पाहावे. तो मुख्य पुरवठाच तोडणारा असावा. नुसती कॉन्टॅक्टरची वीज तोडणारा असेल तर पॉइंट चिकटल्यावर त्याचा काही उपयोग होत नाही. त्याबरोबर ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी आणि चांगले अर्थिंग हवेच.

सौद्यातील अमानत

आता थोडे दुकानदार व मिस्त्री बांधवांसाठी. मालातला ऐब लपवून माल विकणे इस्लामने नाजायज ठरविले आहे, हे आपण सर्व जाणतो. आपण तो ऐब फक्त कापडातला डाग किंवा धान्यातली ओल एवढाच समजतो. तीन रुपयांचा पॉइंट गेला असताना तीनशेचा पार्ट गेला असे सांगणे, जुना कॉन्टॅक्टर पुसून नवा म्हणून देणे, पार्ट मिळत असताना मिळत नाही म्हणून मशीन विकणे, हेही त्यातच येते. कटआऊटला वायर टाकून देणारा मिस्त्री गिऱ्हाइकाचा एक दिवस वाचवितो आणि कोणाचा तरी जीव गहाण ठेवतो. अशा मजुरीत बरकत कशी येणार?

गिऱ्हाइकाचेही कर्तव्य आहे. स्वतः वायरी उलटसुलट जोडून कॉईल जाळायची आणि “तुमचा माल खराब” म्हणून परत द्यायची, हा दुकानदारावर जुलूम आहे.

खरेदीचे पक्के बिल घ्यावे आणि त्यावर पार्टाचे मोजमाप लिहून घ्यावे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ धंद्यासाठी घेतलेल्या मालाला सर्वसाधारणपणे लागू होत नाही. मात्र स्वतःच्या रोजीरोटीसाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेल्या मालाला तो लागू होतो. आपले बहुतेक वॉशिंग सेंटरवाले याच वर्गात मोडतात. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातील आयोगाकडे करता येते, मुदत २ वर्षांची. सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये एक स्वतंत्र पोर्टलही सुरू केले. हातात बिल नसेल तर यांपैकी कशाचाही फारसा उपयोग होत नाही.

पुन्हा बंद पडू नये म्हणून

बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतात. त्यांचा थर कॉईलवर बसला की उष्णता पाण्यात जात नाही, कॉईल आतल्या आत तापून तुटते. ठरावीक महिन्यांनी टाकी उघडून पाहावी. थर दिसला तर सायट्रिक ॲसिडच्या, म्हणजे लिंबूसत्त्वाच्या पाण्याने काढावा. संडास धुण्याचे तेजाब वापरू नये. त्याने स्टेनलेस स्टीलला बारीक छिद्रे पडतात. रात्री धंदा बंद करताना नुसते बटण नव्हे, मेन स्विच बंद करावा. मढच्या उदाहरणात एवढे केले असते तरी कॉईल वाचली असती.

आणखी एक सूचना. मढपासून आळेफाट्यापर्यंतच्या तीन-चार सेंटरवाल्यांनी मिळून एक कॉईल, एक कॉन्टॅक्टर आणि एक थर्मोस्टॅट सामाईक ठेवावा. ज्याला लागेल त्याने घ्यावा आणि त्याच मापाचा नवा आणून ठेवावा. एकट्याला जड जाणारा खर्च चौघांत हलका होतो आणि ऐन थंडीत कोणाचाही धंदा आठवडाभर बंद राहत नाही. आयटीआय झालेल्या एखाद्या होतकरू तरुणाने अशा पार्टांचे लहानसे दुकान घातले आणि प्रत्येक सेंटरच्या हीटरची मापे एका वहीत लिहून ठेवली, तर त्याला गिऱ्हाईक शोधावे लागणार नाही. जुन्नरच्या कागदी बांधवांचा हातकागद एके काळी दूरवर नावाजलेला होता. हुन्नर आपल्याला नवे नाही, मात्र नव्या यंत्रांचे हुन्नर नव्याने शिकावे लागेल.

ज्यांचा हीटर आज चालू आहे, त्यांनी याच आठवड्यात नेमप्लेटचा आणि आतल्या जोडणीचा फोटो काढून मापे वहीत उतरवून ठेवावीत. अल्लाह आपणा सर्वांच्या हलाल रोजीत बरकत देवो. आमीन.